अडगळीतला बीबीसी मायक्रो : एका दुरुस्तीची पूर्ण नोंद

कोकणातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये जुन्या सामानाचं निर्लेखन, म्हणजे निकामी वस्तू नोंदीतून काढून टाकणं, चाललं होतं. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये ‘संगणक संच, नग २’ अशी नोंद निघाली आणि प्रयोगशाळेमागच्या खोलीत, तुटक्या बाकांखाली, दोन्ही नग सापडले. मुख्याध्यापक माझ्या छंदाबद्दल ऐकून होते. भंगारवाल्याला देण्याआधी एकदा बघून जा, असा त्यांचा निरोप आला. मी गेलो. दोन्ही बीबीसी मायक्रो, मॉडेल बी. सोबत काळ्या वायरींचं एक भेंडोळं आणि खोबरेल तेलाच्या रिकाम्या डब्यात ठेवलेल्या काही ऑडिओ कॅसेट.

पुढे काय काय केलं आणि का केलं, ते इथे सविस्तर लिहितो आहे. जुनी यंत्रं जमवणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना त्यातले तांत्रिक तपशील उपयोगी पडतील. पण मला मुख्यतः सांगायचं आहे ते वेगळं. दुरुस्तीला बसण्याआधी आपण नेमकं काय वाचवायला बसलो आहोत हे ठरलं पाहिजे. कुठली घाण काढायची आणि कुठली राहू द्यायची, हे त्यावरूनच ठरतं.

हे यंत्र कोकणात कसं आलं

बीबीसीनं ब्रिटनमध्ये संगणक साक्षरतेचा मोठा उपक्रम आखला होता. त्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीनं हा संगणक बनवला आणि डिसेंबर १९८१ मध्ये तो बाजारात आला. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर ही त्यामागची दोन मोठी नावं. ६५०२ जातीचा प्रोसेसर, वेग २ मेगाहर्ट्झ, मेमरी ३२ केबी. पुढे याच दोघांनी एआरएम प्रोसेसर घडवला. १९८५ साली पहिली एआरएम चिप चालली, तीही बीबीसी मायक्रोला जोडूनच. आज जवळपास प्रत्येक मोबाईलमध्ये एआरएमचा वंश आहे, त्यामुळे या यंत्राला मी नुसतं खेळणं म्हणू शकत नाही.

आपल्याकडे केंद्र सरकारनं १९८४ मध्ये ‘क्लास’ नावाचा शालेय संगणक प्रकल्प सुरू केला. पहिल्या टप्प्यात देशभरातल्या अडीचशेच्या आसपास शाळा निवडल्या आणि त्यांना बीबीसी मायक्रो दिले. नंतर मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेडनं परवाना घेऊन हेच यंत्र ‘युनिकॉर्न’ नावानं इथे बनवलं. शिक्षकांना अल्पमुदतीचं प्रशिक्षण मिळालं. यंत्राबरोबर आलेले प्रोग्रॅम मात्र ब्रिटिश शाळांसाठी केलेले, इंग्रजीत. मराठी माध्यमाच्या शिक्षकानं त्यांचं वर्गात काय करायचं, हा प्रश्न त्या शिक्षकावरच सोडलेला होता. या शाळेत त्याचं उत्तर गणिताच्या बाईंनी शोधलं होतं. पण ते मला बरंच नंतर कळलं.

प्लग न लावता

दोन्ही यंत्रं घरी आणली. ती सुरू होतात का, असं ज्यानं त्यानं विचारलं. मी दोन्हींपैकी कशालाही वीज दिली नव्हती आणि देणारही नव्हतो. वर्षानुवर्षं बंद असलेलं यंत्र थेट प्लगला लावणं हा या छंदातला सगळ्यात महागडा उतावळेपणा आहे.

खोलायला सोपं. ‘फिक्स’ असं शेजारी लिहिलेले स्क्रू काढले की वरचं झाकण उचलतं. पहिल्या यंत्रात धूळ, पालीची अंडी आणि झुरळांची विष्ठा होती, पण बोर्ड धड होता. दुसऱ्याची अवस्था वाईट. उंदरांनी आत घर केलं होतं. त्यांच्या मुतानं बोर्डाच्या मधल्या भागातले तांब्याचे ट्रॅक हिरवे पडून खाल्ले गेले होते, काही चिपांचे पाय बोट लावताच तुटत होते. इथेच पहिला निर्णय झाला. पहिलं यंत्र उभं करायचं. दुसरं फेकायचं नाही आणि घाईनं त्याचे सुटे भागही करायचे नाहीत. त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, प्रत्येक चिपवरचा मजकूर वहीत उतरवला आणि ते बाजूला ठेवलं.

डाव्या हाताचा पत्र्याचा डबा म्हणजे पॉवर सप्लाय. त्यात मेन्सच्या वाटेवर बसवलेले एक्स २ वर्गातले कपॅसिटर असतात, पिवळसर पारदर्शक कवचाचे. आत धातूचा मुलामा दिलेला कागद. काळानुसार कवचाला केसासारख्या भेगा जातात, भेगांतून दमट हवा कागदात मुरते आणि मग २३० व्होल्ट मिळाले की काही मिनिटांत तो फुटतो. घरभर धूर आणि दिवसेंदिवस न जाणारा वास. कोकणातली हवा आणि तिथले पावसाळे लक्षात घेता हे कपॅसिटर तपासत बसण्यात अर्थ नव्हता. भिंगातून पाहिलं तर भेगांचं जाळंच दिसत होतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पॉलिप्रॉपिलीनचे एक्स २ सहज मिळतात. तेच घेतले, आणि मोजल्यावर उतरलेले निघालेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही बदलले.

पॉवर सप्लाय बोर्डापासून सोडवून आधी स्वतंत्र तपासायचा. हा स्विचिंग जातीचा आहे, तो भाराविना चालवू नये. ५ व्होल्टच्या वायरींवर ४.७ ओहमचा दहा वॅटचा सिरॅमिक रेझिस्टर लावला, म्हणजे साधारण एक अँपिअर भार मिळतो. मेन्सच्या वाटेत सिरीज बल्ब ठेवला. आपले वायरमन वापरतात तोच साधा सिरीज बोर्ड. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि बाकी काही जळत नाही. बल्ब क्षणभर लखलखला, मग मंदावला. लाल वायरींवर ५ व्होल्ट, जांभळीवर उणे ५. पॉवर सप्लायचं काम संपलं.

न थांबणारा आवाज

बीबीसी मायक्रो सुरू होताना दोन सूर ऐकू येतात. आधी जाड, मग लगेच एक बारीक ‘पीं’. ही नुसती सलामी नाही. वीज मिळताच आवाजाची चिप आपोआप वाजायला लागते. प्रोसेसर जागा होऊन ऑपरेटिंग सिस्टिमच्या सूचना वाचू लागला की तो तिला गप्प करतो आणि सगळं ठीक असल्याचा बारीक सूर देतो. म्हणजे जाड सूर न थांबता वाजत राहिला तर प्रोसेसर तिथपर्यंत पोचलाच नाही असं समजायचं.

इथे तो थांबेना.

अशा वेळी चिपा बदलायचा मोह होतो. मी पायरीपायरीनं गेलो. ५ व्होल्ट पॉवर सप्लायच्या टोकाला न मोजता चिपांच्या पायांवर मोजले, कारण मधल्या पट्टीच्या जोडण्या गंजलेल्या असतात आणि तिथेच व्होल्टेज पडतं. तसं ते पडतही होतं, जोडण्या घासल्यावर सुधारलं. प्रोसेसरच्या ४० नंबरच्या पायावरचा रीसेट नीट वर जात होता, क्लॉक होता. मग संशय ५१ नंबरच्या चिपवर आला. ऑपरेटिंग सिस्टिमची १६ केबीची रॉम ती, म्हणजे वीज गेली तरी न पुसली जाणारी मेमरी. सॉकेटमधून उचलली तर पाय काळेकुट्ट. पायांवर चांदीचा मुलामा होता आणि हवेतल्या गंधकानं त्याचं सल्फाइड झालं होतं. आपल्या घरातली चांदीची भांडी काळी पडतात तसंच. पाय खोडरबरानं हलके घासले, सॉकेट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुतलं, चिप परत बसवली. शेजारची ५२ नंबरची, बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेची रॉमही तशीच साफ केली.

पुन्हा वीज दिली. जाड सूर, आणि मग बारीक पीं.

अक्षरं एक घर मागे

मागच्या बाजूच्या बीएनसी सॉकेटमधून टीव्हीला जोडलं. चित्र उमटलं, पण त्यातली अक्षरं भलतीच. ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’ अशी इंग्रजी ओळ यायला हवी होती. ओळ होती, लांबीही बरोबर होती, पण शब्द वाचता येत नव्हते.

ही ओळ मी कागदावर उतरवली आणि मूळ ओळीखाली अक्षराला अक्षर लावून ठेवली. सी च्या जागी बी आला होता. ओ च्या जागी एन, एम च्या जागी एल, यू च्या जागी टी, ई च्या जागी डी, के च्या जागी जे. ३ च्या जागी २. आणि बी, पी, टी, आर हे मात्र जिथल्या तिथे. खालच्या ‘बेसिक’ या शब्दातलं ए तर @ या चिन्हात बदललं होतं. मशीन बिघडलं की गोंधळ दिसतो, हा गोंधळ मात्र फार शिस्तीचा होता. प्रत्येक अक्षराचा संगणकात एक क्रमांक असतो. बी ६६, सी ६७. ज्यांचा क्रमांक विषम ती अक्षरं एक घर मागे सरकली होती, ज्यांचा सम ती सुरक्षित होती. हा क्रमांक आठ बिटांत, म्हणजे शून्य किंवा एकच्या आठ घरांत ठेवलेला असतो. त्यांपैकी सगळ्यात शेवटचं बिट कायम शून्य येत होतं. बाकीची सात ठणठणीत.

या यंत्रात मेमरीच्या सोळा चिपा आहेत, ४८१६ जातीच्या. आठ चिपांची एक रांग १६ केबी सांभाळते आणि रांगेतली प्रत्येक चिप एकेक बिट. पडद्यावरचा मजकूर ठेवण्याची जागा मेमरीच्या अगदी वरच्या टोकाला असते, म्हणजे वरच्या रांगेत. तेव्हा सोळांपैकी एकाच चिपवर बोट ठेवता आलं.

पण एक शंका उरते. मेमरी चांगली असून पडद्याकडे जाणाऱ्या वाटेवरची लॅच चिप (मेमरीतून आलेला आकडा क्षणभर धरून ठेवणारी) बिघडली असेल तरी हेच दिसेल. मेमरीतला क्रमांक विचारून पाहावा, तर उत्तर छापलं जाणार त्याच पडद्यावर. ६७ असेल तरी ६६ दिसणार! पडद्याची चौकशी पडद्यालाच करून भागणार नव्हतं. म्हणून उत्तर कानानं घ्यायचं ठरवलं. बेसिकमध्ये एका ओळीची आज्ञा दिली. वरच्या मेमरीतल्या एका पत्त्यावर २ लिही, परत वाच, २ च असेल तर घंटा वाजव. वाजली. मग तीच आज्ञा १ घेऊन. वाजली नाही. म्हणजे प्रोसेसरलाही ते बिट शून्यच मिळत होतं. लॅच निर्दोष, मेमरीची चिपच गेलेली.

ही चिप आता सहज मिळत नाही. दुकानात ४११६ दाखवतात, तीही तेवढ्याच म्हणजे १६ किलोबिटची. पण तिला तीन वेगवेगळी व्होल्टेज लागतात आणि ४८१६ फक्त ५ व्होल्टवर चालते, त्यामुळे ती इथे निरुपयोगी. दुसरं यंत्र आठवलंच. त्याचा बोर्ड पुन्हा उभा राहण्याच्या पलीकडे गेला आहे याची खात्री मी तोवर करून घेतली होती, आणि तेवढ्यासाठीच आधी फोटो काढून ठेवले होते. संग्राहकांमध्ये यावरून वाद होतात. माझं मत असं, की एका यंत्राचा भाग दुसऱ्यात घालायला हरकत नाही. पण काय कुठून काढलं याची नोंद दोन्ही यंत्रांत कागदावर राहिली पाहिजे. नोंद नसेल तर तीस वर्षांनी कुणीतरी त्या बोर्डाकडे पाहून चुकीचा निष्कर्ष काढेल.

गेलेली चिप काढताना तिचे पाय कटरनं कापून एकेक पाय वेगळा काढला. चिप तशीही मेलेली होती, वाचवायचा होता तो बोर्ड. दात्या बोर्डावर उलट. तिथे चिप जिवंत राहायला हवी होती, म्हणून पंपानं प्रत्येक पायाखालचं सोल्डर ओढून ती सावकाश सोडवली. अर्थिंगचा पाय उष्णता खाऊन टाकतो, तिथे नवं सोल्डर घालून मग ओढावं लागतं. पहिल्या बोर्डावर सॉकेट बसवलं आणि त्यात ही चिप. ओळ स्वच्छ आली. ‘३२के’ सकट.

कळांवरचे कागद

आता बाहेरची साफसफाई. प्लास्टिक पिवळं पडलं होतं. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवून ते पुन्हा पांढरं करण्याची मोठी हौस हल्ली दिसते. मी ते केलं नाही. झाकणावर ऑइल पेंटनं रंगवलेला शाळेचा डेडस्टॉक नंबर होता, तो या यंत्राच्या आयुष्याचा भाग आहे.

पण त्याहून महत्त्वाचं कळांवर होतं. काही कळांच्या माथ्यावर वाळलेल्या डिंकाचे पापुद्रे होते, आणि त्यांतल्या थोड्यांवर वहीच्या कागदाचे चौकोनी तुकडे अजून चिकटून होते. एकावर निळ्या शाईत ‘म’. दुसऱ्यावर अर्धवट पुसलेलं ‘ग’ असावं. नेहमीच्या पद्धतीनं कळा काढून साबणाच्या पाण्यात टाकल्या असत्या तर हे सगळं गेलं असतं. मी कळांच्या मधली धूळ ब्रशनं काढली, माथ्यांना हात लावला नाही, आणि मुख्याध्यापकांना फोन करून विचारलं की ही अक्षरं कुणी चिकटवली.

गणिताच्या निवृत्त बाई गावातच राहत होत्या. मी कॅसेटचा डबा घेऊन गेलो. त्यांनी डबा लगेच ओळखला.

“त्या निळ्या लेबलाची दुसरी बाजू लाव,” त्या म्हणाल्या. “पहिल्या बाजूवर मुलांनी गॅदरिंगची गाणी भरली होती. मी ओरडले होते त्यांना.”

“बाई, दुसऱ्या बाजूवर काय आहे?”

“आपली अक्षरं. यंत्रात मराठी नव्हतं ना, मग मुलांना शिकवणार काय? म्हणून मी केली.”

आणि कपाटातून त्यांनी आलेखाची वही काढली.

बीबीसी मायक्रोत प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला स्वतःची चिन्हं बनवता येतात. ८ बाय ८ ठिपक्यांची चौकट, प्रत्येक ओळीसाठी ० ते २५५ मधला एक आकडा, ‘व्हीडीयू २३’ या आज्ञेनं ते आठ आकडे दिले की नवं चिन्ह तयार. अशा चिन्हांसाठी २२४ ते २५५ एवढे क्रमांक मोकळे असतात, म्हणजे फक्त बत्तीस. बाईंनी त्यातले दहा मराठी आकड्यांना दिले होते आणि बावीस अक्षरांना. वहीच्या प्रत्येक पानावर एक चौकट, पेन्सिलनं भरलेले चौकोन आणि उजवीकडे आकडे. ‘न’ असा होता : २५५, ४, ४, १२४, १९६, ६८, ४, ४.

पहिला आकडा बघा. प्रत्येक अक्षराची पहिली ओळ २५५, म्हणजे आठही ठिपके भरलेले. इंग्रजी अक्षरांना दोन बाजूंना फट ठेवावी लागते. देवनागरीत तीच फट बुजवली की शेजारी ठेवलेली अक्षरं आपोआप शिरोरेषेनं जोडली जातात. वरची ओळ शिरोरेषेत गेल्यानं वेलांटी आणि मात्रेला जागा उरत नाही. म्हणून बाईंनी शब्दच तसे निवडले होते : नळ, घर, बदक, मगर, कमळ, गवत. पहिलीच्या पुस्तकात मूल जिथून सुरू करतं ते बिनकानामात्रेचे शब्द! बत्तीस घरांची मर्यादा, आठ ठिपक्यांची मर्यादा आणि मराठी शिकवण्याची जुनी रीत यांचा मेळ त्या शिक्षिकेनं एकटीनं, आलेखाच्या वहीत घातला होता. मला त्या दिवशी आपण काय वाचवतो आहोत हे कळलं.

कॅसेट

चुंबकीय फितीवर पांढरी बुरशी होती. फीत दाबून धरणारा फेल्टचा तुकडा गळून पडला होता. फीत नव्या चांगल्या कॅसेटच्या कवचात घातली आणि बुरशी कोरड्या मऊ कापडानं काढली. अशी फीत वाजवायची ती प्रत्येक वेळ शेवटची आहे असं धरून. म्हणून ती थेट बीबीसी मायक्रोला न लावता आधी लॅपटॉपवर ४४.१ किलोहर्ट्झनं रेकॉर्ड केली. टेपच्या हेडशेजारच्या बारीक स्क्रूनं हेडचा कल जुळवला. स्वर जास्तीत जास्त तीक्ष्ण ऐकू येईल तिथे थांबायचं.

या यंत्राची टेपवर लिहिण्याची पद्धत विचारपूर्वक केलेली आहे. शून्यासाठी १२०० हर्ट्झची एक लाट, एकसाठी २४०० हर्ट्झच्या दोन. सेकंदाला साधारण १२० बाइट. प्रोग्रॅम २५६ बाइटांच्या तुकड्यांत कापलेला असतो, आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःचा क्रमांक आणि १६ बिटांचा पडताळा, म्हणजे त्यातल्या मजकुरावरून काढलेला तपासणीचा आकडा, जोडलेला असतो. एक तुकडा चुकला तर यंत्र ‘डेटा?’ असं विचारतं आणि फीत थोडी मागे घ्यायला सांगतं. सगळा प्रोग्रॅम पुन्हा वाचावा लागत नाही.

लॅपटॉपवर उलगडताना सगळे तुकडे जुळले, एक सोडून. त्या जागी लाट जवळजवळ सपाट झाली होती. बुरशीनं फितीचा मुलामा खाल्ला होता. लांबी एक दशांश सेकंदाच्या आसपास, म्हणजे बाराएक बाइट. आवाज वाढवून, गाळून पाहिलं. तिथे वाढवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

हरवलेल्या जागेच्या आधी आणि नंतर काय आहे ते वाचता येत होतं. तिथे ‘ळ’ चे आकडे होते, आणि मधलेच नेमके गेलेले. वहीत ‘ळ’ चं पान उघडलं. आठ ठिपक्यांच्या रुंदीत दोन गाठी बसवायच्या म्हणजे कठीणच, आणि बाईंनी तो दोनदा काढला होता. पहिल्यात सातव्या ओळीचा आकडा १०८. दोन्ही गाठी बंद. दुसऱ्यात तिथे १००, म्हणजे उजव्या गाठीचा आतला ठिपका उडवून ती थोडी मोकळी केलेली. दोन्हीत तीनच अंक, त्यामुळे लांबीवरून निवाडा होईना. कुठला आकडा शेवटी यंत्रात गेला हे बाईंनाही आठवेना.

त्या तुकड्याचा पडताळा मात्र फितीवर शाबूत होता. हरवलेल्या जागी १०८ घालून हिशेब केला, जुळला नाही. १०० घालून केला, आणि सोळाच्या सोळा बिटं जुळली. चुकीच्या मजकुरावर योगायोगानं असं जुळण्याची शक्यता ६५,५३६ त एक. बाईंनी मोकळी गाठच ठेवली होती. कागदानं मजकूर दिला आणि फितीनं त्याची साक्ष दिली. दोन्हींपैकी एक जरी नसतं तरी अंदाज करावा लागला असता, आणि अंदाजानं भरलेल्या मजकुराला मी मूळ म्हणू शकलो नसतो.

दुरुस्त प्रोग्रॅम एमुलेटरमध्ये, म्हणजे आजच्या संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, तपासला, मग नव्या कॅसेटवर उतरवून बीबीसी मायक्रोत भरला. टेपची मोटर चालू करणारी आतली छोटी रिले टिक् करते, कळफलकावरचा लाल दिवा लागतो, तुकड्यांचे क्रमांक पडद्यावर चढत जातात. मग पडदा साफ होतो आणि ‘कमळ’ येतं, आणि कुठली कळ दाबायची असा प्रश्न.

एमुलेटरवर चाललं असतं, मग यंत्राची एवढी उस्तवार कशाला, असं मला विचारतात. प्रोग्रॅम पाहायचा तर एमुलेटर पुरतो, आणि वापरावाच. पण कुठली कळ दाबली की कुठलं अक्षर येतं हे जे प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं आहे, ते कळांवरच्या डिंकाच्या डागांशी जुळवून पाहिलं तेव्हा पुसलेलं अक्षर ‘ग’ च होतं हे पक्कं झालं. शिवाय बाईंनी जो पडदा वापरला त्यात दर अक्षराची रांग म्हणजे मेमरीतला एक बाइट, आणि त्याचं शेवटचं बिट म्हणजे अगदी उजवा ठिपका. ती मेमरीची चिप बदलली नसती तर प्रत्येक अक्षराच्या उजव्या टोकाला शिरोरेषा तुटली असती. हे नातं मला यंत्र उघडल्यामुळे दिसलं.

सध्याची स्थिती

निर्लेखनाच्या यादीतून शाळेनं चालू यंत्राचं नाव काढलं. ते आता शाळेच्या काचेच्या कपाटात आहे, सिलिका जेलच्या पुड्यांसह, आणि मुलांना दाखवण्यापुरतंच सुरू करतात. झाकणाच्या आत एक कागद आहे. कुठले कपॅसिटर बदलले, कुठली चिप दुसऱ्या यंत्रातून आली, कुठल्या कळा धुवायच्या नाहीत. दुसरा बोर्ड माझ्याकडे आहे. त्यावर अजून चांगल्या असलेल्या चिपांची यादी त्यालाच बांधून ठेवली आहे. पडद्याचं काम करणारी व्हिडिओ यूएलए ही या यंत्राची तापणारी आणि पुढे दगा देऊ शकणारी चिप. ती दात्या बोर्डावरची तपासून ठेवायची आहे.

वहीच्या प्रत्येक पानाचे स्कॅन केले आणि वही बाईंना परत दिली. मूळ फीत शाळेत आहे. तिच्या पहिल्या बाजूवरची गॅदरिंगची गाणीही उतरवून घेतली आहेत, आणि आवाजांवरून मुलं ओळखायचं काम बाईंनी स्वतःकडे घेतलं आहे. डब्यातल्या बाकीच्या कॅसेटपैकी एकीवर ‘पाढे’ असं लिहिलेलं आहे. तिची फीत एकमेकीला चिकटली आहे आणि अजून उलगडायची आहे.